प्रभाकर कंदील आणि कोयनेची वीज

दिवे गेले म्हणजे मनुष्य प्रथम भिंतीवरील बटणाकडे हात नेतो, आणि तें दाबून उपयोग नाहीं हें ध्यानांत आल्यावर मग काड्यापेटी कोठें आहे असें दुसऱ्यास विचारतो. ह्या दोन क्रियांमध्यें जो अंधार असतो त्यालाहि इतिहास आहे. सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील वाचकांस तर तो आपल्या घरचाच वाटेल. कारण कंदील आणि वीज हीं दोन्ही जेथें निर्माण झालीं असा हा मुलूख आहे.

इ. स. १९१० मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यांत मोडते. पुढें सहा वर्षांनीं, १९१६ मध्यें, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कांचेचा कारखाना निघाला व त्या वस्तीस ओगलेवाडी हें नांव पडलें. तेथील 'प्रभाकर' कंदील परदेशी कंदिलांशीं सामना देत घरोघरीं पोहोंचला. प्रभाकर म्हणजे सूर्य. सूर्य मावळल्यावर उपयोगी पडावयाच्या वस्तूस तें नांव शोभत होतें, ह्यांत शंका नाहीं.

परंतु कंदील आपोआप लागत नसे. तिन्हीसांजेच्या आधीं कांच पुसावयाची, काजळी काढावयाची, वात सारखी कातरावयाची, रॉकेल भरावयाचें आणि काड्यापेटी ठरल्या कोनाड्यांत ठेवावयाची, हा रोजचा क्रम होता. हें काम बहुधा घरांतील स्त्रिया व मुलें ह्यांच्याच वांट्यास येई, म्हणून त्याची गणना कोणी केली नाहीं. रॉकेलच्या धुरानें डोळे चुरचुरत, आगीचें भय तर नित्याचेंच. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, अंधाराची तयारी ही तेव्हां आपत्कालाची तयारी नव्हती. ती दिनचर्या होती.

ती दिनचर्या विजेनें पुसून टाकिली. १९६२ सालीं कोयनेची वीज वाहूं लागली. सातारा जिल्ह्यांत अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून कोंकणच्या बाजूस पोफळीकडे कोसळतें आणि त्या कोसळण्यांतून वीज निघते. पुढें टप्प्याटप्प्यानें ह्या प्रकल्पाची शक्ति १९६० मेगावॅटपर्यंत गेली. मात्र आरंभीच्या त्याच दशकांत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर भूकंपानें हादरलें. पावणेदोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं, वीजगृह थांबलें आणि दूर मुंबईचे कारखानेहि त्याबरोबर थबकले. कोनाड्यांतला दिवा विझला तर एक खोली अंधारते. डोंगरांतला दिवा विझला तर शहर अंधारतें, हें त्या पहाटेनें दाखवून दिलें.

ह्या धड्याची दुसरी उजळणी भारनियमनानें करविली. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रांत तासन् तास वीज नसे. तेव्हां इन्व्हर्टर व बॅटरी ह्यांनीं मध्यमवर्गाच्या घरांत ठाण मांडलें. त्यांचा हिशेब अवघड नाहीं. बारा व्होल्टची, दीडशें अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास सांठविते. नऊ वॅटचे पांच दिवे व पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे मिळून १९५ वॅट होतात; कागदी भागाकार नऊ तासांचा येतो, परंतु बॅटरी तळापर्यंत रिती करूं नये व कांहीं शक्ति वाटेंतच खर्ची पडते, म्हणून पांच तासच धरावे. बॅटरींत ऊर्ध्वपातित पाणी वेळेवर घातलें नाहीं तर तेहि मिळत नाहींत. कांच पुसण्याचें काम गेलें, तें पाणी पाहण्याच्या रूपानें परत आलें. फरक एवढाच कीं, आतां त्याची वेळ ठरलेली नाहीं.

तिसरी उजळणी कृष्णेनें केली. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाण्यानें ५७ फुटांची खूण ओलांडली. पूर आला म्हणजे वीज बंद करावीच लागते. ती प्राणरक्षणाचीच उपाययोजना होय. पण जिन्याखालीं जमिनीलगत ठेविलेला इन्व्हर्टर अशा वेळीं घरांत सर्वांच्या आधीं बुडतो. पूररेषेच्या आंतील घरानें तो वरच्या मजल्यावर, निदान उंच कट्ट्यावर बसविला पाहिजे. पाणी उंबऱ्याशीं येण्यापूर्वीं घरची मुख्य कळ बंद करावी, पण पाण्यांत उभें राहून तिला हात लावूं नये. जनरेटर बंद खोलींत चालवूं नये, कारण त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नाहीं. आणि घरची वीज उलट तारेंत जाऊं नये म्हणून बदलकळ बसवून घ्यावी. नाहींतर खांबावर चढलेल्या वायरमनचा प्राण आपल्या दिव्यापायीं जावयाचा.

आज ओगलेवाडीच्या त्या भट्ट्या विझल्या आहेत, आणि जुना प्रभाकर कोठें सांपडलाच तर तो शोभेसाठीं टांगलेला असतो. त्याचें आम्हांस विशेष दुःख नाहीं. वस्तु जावयाच्याच, परंतु वस्तूबरोबर सवयहि गेली, ही हानि मोठी आहे. मृग लागण्यापूर्वीं एका संध्याकाळीं तासभर घरची मुख्य कळ आपणच बंद करून पाहावी. विजेरी कोठें आहे, बॅटरी किती वेळ टिकते, म्हातारें माणूस जिना कसें उतरतें, श्वासाचें यंत्र लागणाऱ्या शेजाऱ्याची काय सोय आहे, हें सारें त्या एका तासांत उघड होईल. जो कोनाडा आपल्या आजीस अंधारांत हातानें सांपडत असे, तो आपल्या घरांत आहे काय, एवढा प्रश्न त्या संध्याकाळीं ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा.