ब्रेकच्या लायनरची हकीकत

पिशोरहून चाळीसगावला जायचे म्हणजे कन्नड गाठून औट्रम घाट उतरणे आले. जुन्या ॲम्बॅसॅडर-फियाटच्या जमान्यातल्या चालकांना मी विचारले, तर चढापेक्षा उताराचीच धास्ती अधिक, असे ते सांगतात. चढावर गाडी तापली तर थांबते. उतारावर ब्रेक तापले तर ती थांबत नाही!

कारण साधे आहे. ब्रेक वेग नाहीसा करीत नाही, त्याची उष्णता करतो. माणसांसह दीड टन भरणारी ॲम्बॅसॅडर शंभर मीटर खाली आली, की मोकळी होणारी ऊर्जा साडेचार लिटर पाण्याला आधण आणायला पुरे. ही सारी उष्णता चार ड्रमांत कोंडते. ड्रम तापून फुगतो, आतल्या शूपासून दूर सरकतो. लायनरमधला चिकट पदार्थ जळून त्याचा वायू होतो, आणि पाय खाली जातो पण गाडी ऐकत नाही. म्हणून तर जाणता चालक खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरतो.

आता हे लायनर आले कुठून? इंग्लंडच्या डोंगराळ डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले, की गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे ठोकतात. 1897 साली त्याने त्यावर उद्योग उभारला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्यात एक जोडले आणि फेरोडो हे नाव केले. सुती पट्टे तापून जळत, म्हणून 1908 च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉस विणले. ते जळेना. साऱ्या जगाने ते उचलले.

पण झिजलेले लायनर जाते कुठे? त्याची भुकटी होऊन ड्रममध्ये साठते. ड्रम उघडायचा आणि फुंकर मारून ती काळी धूळ उडवायची, ही गॅरेजची जुनी रीत. ॲस्बेस्टॉसचे ते सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुततात आणि कित्येक दशकांनी कर्करोगाच्या रूपाने वर येतात. प्रवाशांना घाट सुखरूप उतरवणारी वस्तू मिस्त्रीच्या छातीत बसत होती, हे मला फार लागते. ब्रिटनने तिच्यावर 1999 साली बंदी घातली.

चकतीचा ब्रेक उघड्या हवेत थंड होतो. त्याचे पेटंट लँचेस्टरने 1902 मध्येच घेतले होते; 1953 च्या ल मां शर्यतीत जग्वारने तो गाजवला. आपल्या जुन्या पद्मिनीला मात्र चारही चाकांना ड्रमच.

घरी अशी गाडी जपून ठेवली असेल, तर जुने लायनर फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नुसत्या नजरेने त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे ओळखता येत नाही. पुढची चाके आधी उघडा, कारण ब्रेक दाबताच भार पुढे झुकतो आणि झीज तिथेच अधिक होते. लोखंडावर रिबेटची खरखर ऐकू येऊ लागली, म्हणजे लायनर केव्हाच संपलेले असते.