प्रतिजैविकांचा वापर आणि डॉक्टरांची सवय

साधी सर्दी व बहुतेक खोकला विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. हे प्रत्येक डॉक्टरास ठाऊक असते. तरीही चिठ्ठीवर प्रतिजैविक लिहिले जाते. परिणामी जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निकामी ठरते. तेव्हा उणीव ज्ञानाची नसून सवयीची आहे.

सामाजिक विपणन म्हणजे काय?

वस्तू खपविण्यासाठी व्यापारी जे तंत्र वापरतात, तेच लोकहिताचे आचरण रुजविण्यासाठी वापरणे म्हणजे सामाजिक विपणन. कोटलर व झाल्टमन यांनी ही संज्ञा 1971 मध्ये मांडली. औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांना समक्ष भेटून थोडक्यात बोलतो. अमेरिकेत अ‍ॅव्हॉर्न व सुमेराय यांनी हीच रीत उलट वापरली. कंपनीशी संबंध नसलेले औषधतज्ज्ञ डॉक्टरांना भेटले. सेफॅलेक्सिन या प्रतिजैविकासह तीन प्रकारच्या औषधांचा वापर त्यामुळे 14 टक्क्यांनी घटला. ज्यांना केवळ छापील माहिती पाठविली, त्यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. हा अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2014 मध्ये इंग्लंडात सर्वाधिक प्रतिजैविके लिहिणाऱ्या दवाखान्यांना, आपण इतरांहून अधिक लिहिता, असे पत्र गेले. तेवढ्यानेही वापर 3.3 टक्क्यांनी उतरला.

गडचिरोलीचा धडा

डॉक्टरांच्या मनात मात्र एक रास्त भीती असते: हा खोकला न्यूमोनियाचा निघाला तर? या प्रश्नाचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यात सापडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील आरोग्यसेवक व सुईणींना बालकांचे श्वास मोजण्यास शिकविले. निरक्षर सुईणींसाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन तयार केले. श्वासांची गती ठरावीक मर्यादेपलीकडे असेल, तरच को-ट्रायमॉक्साझोल द्यावयाचे. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते; तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते 13.5 टक्के होते.

याचा अर्थ असा की, औषध नाकारणे हा विवेक नव्हे, तर मोजून मगच देणे हा विवेक होय. जंगलातील गावाहून तालुक्याचा दवाखाना दूर असतो, रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नसते. म्हणून डॉक्टर 'असू द्या' म्हणून लिहून देतात. श्वास मोजल्यास ही शंका पुष्कळ अंशी दूर होते.

आपण काय करावे?

1 मार्च 2014 पासून अनेक प्रतिजैविके 'एच-1' अनुसूचीत आली असून त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्यास ठेवावी लागते. तथापि कायद्याच्या जोडीला रुग्णाचीही साथ हवी. आपण डॉक्टरांकडे 'जोरदार' गोळीचा आग्रह धरू नये. 'याची खरोखर गरज आहे काय?' असे नम्रपणे विचारावे. दिलेले औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावे व उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. मात्र बालकाचा श्वास जलद चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.