ई-स्कूटरचे पंक्चर : आधी गळती शोधा, मगच चाक खोला

उज्जैन (प्रतिनिधी) : २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये रस्त्यांची कामे काढली आहेत. नानाखेडा बसस्थानकाकडून इंदूर रोडला निघा किंवा शहरात शिरा, बांधकामाचे खिळे आणि तारांचे तुकडे टायरला भेटतातच. पेट्रोलच्या गाडीचे पंक्चर कुणीही काढून देतो. ई-स्कूटरचे मागचे चाक म्हटले की मात्र बरेच पंक्चरवाले हात वर करतात, आणि त्याला कारणही आहे.

अडचण कुठे आहे?
टीव्हीएस आयक्यूबसारख्या गाड्यांची मोटर मागच्या चाकातच असते. अशा मोटरला तीन जाड तारा आणि सेन्सरच्या बारीक तारा जोडलेल्या असतात. चाक ओढताना वायर ताणली किंवा जोडताना तारांची अदलाबदल झाली, तर गाडी झटके देते किंवा चालतच नाही. पन्नास-शंभराचे काम मग हजारांत जाते. एथर ४५० मध्ये मोटर चाकाबाहेर असून बेल्टने चाक फिरते. तिथे बेल्टचा ताण सांभाळावा लागतो.

गळती कशी ओळखावी?
बहुतेक ई-स्कूटरला ट्यूबलेस टायर असतात, त्यामुळे हवा एकदम न जाता हळूहळू जाते. एका चार्जमध्ये गाडी कमी धावू लागली, वळणावर मागून डुलू लागली, तर बॅटरीला दोष देण्याआधी हवा मोजा. टायर थंड असताना मोजायची. किती हवी ते गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असते.

मग गाडी मेन स्टँडवर लावा, चावी बंद करा आणि साबणाचे पाणी लावत चाक हाताने फिरवा. मोटरमुळे चाक थोडे जड फिरते, तो बिघाड नव्हे. बुडबुडे कुठून येतात ते पाहा :

- टायरच्या तळातून : खिळा किंवा तार.
- व्हॉल्व्हच्या तोंडातून : आतली पिन घट्ट करा, नाहीतर बदला. पंक्चर नाहीच.
- रिमच्या कडेने : खड्ड्यात रिम वाकली असेल किंवा कडेला माती, गंज असेल.

दुरुस्ती
तळातले साधे भोक चाक न काढता बुजते. खिळा ज्या दिशेने घुसला त्याच दिशेने टोच्या फिरवून भोक साफ करा, सोल्युशन लावलेली रबरी दोरी आत घाला, सुई झटक्यात बाहेर ओढा आणि वरचे टोक थोडे ठेवून कापा. हवा भरून पुन्हा साबणपाणी लावून बघा.

टायरच्या बाजूची भिंत फाटली किंवा भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, तर दोरीवर भरोसा नको. टायरच बदला.

चाक काढायचेच असेल तर
चावी बंद, एमसीबी असेल तर तोही बंद. तारांच्या जोडणीचा आणि वॉशरच्या क्रमाचा मोबाइलवर फोटो काढा. वायर कापू देऊ नका, कनेक्टरच सोडवायचा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

आणि एक, हवा गेलेल्या टायरवर ‘थोडंच तर जायचंय’ म्हणून गाडी रेटू नका. टायर आतून कापतो, रिम वाकते आणि तिच्याबरोबर मोटरलाही मार बसतो. दोरी, टोच्या आणि छोटा हवेचा पंप सीटखाली ठेवला, तर पुष्कळदा चाकाला हात लावायची वेळच येत नाही.