शहराची हद्द आणि गावची शाळा

इ. स. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली, तेव्हापासून आपल्या या नगरीची हद्द अनेकदा पुढे सरकली आहे. हद्द सरकते तेव्हा केवळ नकाशावरील रेघ बदलत नाही. गावची शाळा यापुढे कोणाची, हा प्रश्नही उभा राहतो. त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

निजामी अमदानीत सरकारी शिक्षणाचा भर उर्दूवर होता. लोकांच्या उद्यमातून १९१५ साली शहरात सरस्वती भुवन शाळा निघाली. खेडी मात्र उपेक्षितच राहिली. १९४८ च्या मुक्तीनंतर खेड्यांतून मराठी शाळा वाढल्या आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आले. शाळा परिषदेची खरी, पण जिव्हाळा गावाचा, अशी ती व्यवस्था होती.

८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली व हर्सूल, चिकलठाणा, मुकुंदवाडी आदी १८ गावे शहरात आली. सातारा-देवळाईस २०१४ साली नगर परिषद मिळाली. पण अल्पावधीतच तो भागही महानगरपालिकेत विलीन झाला. नळ, दिवे, रस्ते यांची आशा वाढली, हा लाभ नाकारता येत नाही. परंतु ग्रामपंचायत गेली, तशी ग्रामसभाही गेली.

आम्ही हद्दीवरील एका शाळेत असताना वादळाने वर्गाचे पत्रे उडाले. सरपंचांच्या कानावर घालताच गावकऱ्यांनी तिसऱ्या दिवशी छप्पर उभे केले. पुढे शहरात आलेल्या दुसऱ्या एका शाळेत तशीच आपत्ती ओढवली, तेव्हा आमचा अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिला आणि मुले सारा पावसाळा ओसरीत बसली. दोष कोणा एकाचा नव्हता. शाळा नेमकी कोणाची, हेच ठरले नव्हते.

प्राथमिक शाळा चालविणे हे कायद्याने महानगरपालिकेचे कर्तव्य आहे. तथापि इमारत, जागा, दप्तर आणि शिक्षकांची सेवा यांचा निर्णय वेळेवर न झाल्यास शाळा दोन घरच्या पाहुण्यासारखी उपाशी राहते. त्यातच जमिनीचे भाव चढतात, मोकळ्या मैदानावर अनेकांची दृष्टी जाते. जुन्या घरांतील मुले खाजगी शाळांकडे वळतात. मागे उरतात ती मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची लेकरे. त्यांच्यासाठी बोलणारा कोण?

यावर एक उपाय आपल्या हाती आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या असून निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात, असेही सांगितले आहे. ग्रामसभा गेली तरी ही समिती राहते. आपल्या सभासद कुटुंबांतील मातापित्यांनी तीत बसावे, शाळेच्या जागेची नोंद कोणाच्या नावे आहे हे पाहावे, आणि आपले मूल त्या शाळेत नसले तरी वर्षातून एकदा तिची पायरी चढावी. ज्या शाळेने आपल्या वडिलांना अक्षरओळख दिली, तिचे एवढे ऋण आपणांवर आहेच.