गोंड विवाहरूढी, आदिलाबादच्या

आदिलाबाद परिसरातील (तेलंगण, पूर्वीचे हैदराबाद संस्थान) राजगोंडांमध्ये पंचांच्या मान्यतेवर चालणारी विवाहाची व काडीमोडाची रूढी. तिची तपशीलवार नोंद व्हिएन्नात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–९५) यांनी केली. महायुद्धकाळात जर्मन पारपत्रामुळे त्यांचा निजामाच्या राज्यातील मुक्काम लांबला आणि पत्नी बेट्टीसह ते मारलवाईत (आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा) राहिले. त्यांच्या १९४८ च्या ग्रंथाचा भर पुराणकथा व विधींवर आहे. विवाहव्यवहारासाठी १९७९ चा ग्रंथ अधिक उपयोगी.

प्रकार : कुळे चार, पाच, सहा व सात देवांच्या सगांत (कुळगटांत) विभागलेली असून एका सगात लग्न वर्ज्य. आते-मामे भावंडांचे लग्न पसंतीचे. देज (वधूमूल्य) ठरवून वराच्या घरी लागणारे लग्न प्रतिष्ठेचे. सासऱ्याकडे राबून बायको मिळवणे, पळून जाणे, मुलीला ओढून नेणे आणि विधवेचा पाट हे प्रकारही पंचांनी मान्य केले की वैध ठरत. ओढून नेण्यात मुलीची संमती कितपत असे, हे प्रसंगानुसार बदलते. विधवेला धाकटा दीर चाले, थोरला नाही. नवऱ्याला सोडून बाई दुसऱ्याकडे गेली, तर नवा नवरा पहिल्याला भरपाई देई आणि तंटा मिटे. हायमेनडॉर्फ यांना स्त्रियांची ही मोकळीक विशेष वाटली. त्यांच्या ऑस्ट्रियात कॅथलिक दांपत्यांना १९३८ पर्यंत पूर्ण घटस्फोटाची कायदेशीर सोय नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

भेटिंग : केसलापूरला (इंद्रवेल्ली मंडल) पौष अमावास्येच्या नागोबा जत्रेत मेस्राम कुळाच्या नव्या सुनांची देवाशी होणारी भेट. पांढरी साडी नेसून, चेहरा पदराआड घेऊन, कुळातील वडीलधाऱ्या बायकांच्या सोबतीने त्या देवळात जातात. या भेटीनंतरच सून कुळाची मानली जाते.

परधान : गोंडांचे वंशपरंपरागत गायक, गोंडांशी त्यांचे रोटी-बेटी व्यवहार नाहीत.

कायदा : हिंदू विवाह कायदा (१९५५) कलम २(२) अन्वये केंद्राने तशी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही, विशेष विवाह कायद्याचा (१९५४) मार्ग मात्र खुला आहे. बालविवाहबंदी कायदा (२००६) जमातींनाही लागू आहे. सूरजमणी स्टेला कुजूर खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने, आदिवासी पतीचे दुसरे लग्न गुन्हा ठरवायचे तर ते निषिद्ध मानणारी रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागेल, असा निर्णय दिला.