रानपिंगळ्याची ११३ वर्षं

चिखलदऱ्याला एकदाही गेलं नाही असं घर आपल्या वऱ्हाडात सापडणं कठीण. अमरावती असो की अकोला, घरी पाहुणे आले की परतवाड्यावरून घाट चढायचा, गाविलगड, भीमकुंड, पंचबोल करायचं, कॉफी प्यायची आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायचं. पण याच मेळघाटच्या डोंगरात जगातला एक अत्यंत दुर्मिळ पक्षी राहतो, हे आपल्या नातेवाईकांत विचारलं तर दहातल्या नऊजणांना माहीत नसतं. म्हणून म्हटलं, या वेळी त्याच्यावरच लिहू या.

पक्षी म्हणजे रानपिंगळा. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा नव्हे, आणि गावच्या पिंपळावर चिरचिरणारा पिंगळाही नव्हे. त्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. अंगाने जरा दणकट, शेपटीवर ठसठशीत पट्टे. आणि घुबडाच्या जातीत जन्मूनही हा दिवसाढवळ्या शिकार करतो! सागाच्या विरळ जंगलात वठलेल्या फांदीवर बसून सरडे, उंदीर, किडे टिपतो. एवढा उघड्यावर बसणारा पक्षी ११३ वर्षं कुणाला दिसू नये, हीच या गोष्टीतली गंमत आहे. गंमत म्हणायची की लबाडी, ते पुढे येईलच.

१८७२ मध्ये ब्ल्यूइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागात हा पक्षी पहिल्यांदा मिळवला. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्ल्यूइटचंच नाव त्याला दिलं. (काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटतात तेच हे ह्यूम. शाळेत आम्हाला त्यांचे पक्षी कुणी सांगितले नाहीत.) नंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याकडे, आणखी काही नमुने जमवले. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर सगळं शांत.

शांत म्हणजे, कागदावर एक नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन या बड्या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं, आणि तो नमुना त्याच्या संग्रहाबरोबर १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला गेला होता. माणूस मोठा, त्यामुळे शंका कोण घेणार? पक्षी १९१४ पर्यंत होता आणि गुजरातेतही होता, असं सगळे धरून चालले. १९७० च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, पण पक्षी मिळाला नाही. बहुतेकांनी तो संपला असं मनाशी धरलं.

मग १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी म्युझियमचे जुने नमुने एकेक करून तपासायला घेतले. कर्नलसाहेबांच्या पक्ष्याचे एक्स-रे काढले, आतलं भरण पाहिलं. पेंढा भरण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते, शिंप्याची शिलाई ओळखू यावी तशी. या पक्ष्याची मूळ धाटणी डेव्हिडसनची निघाली. म्हणजे साहेबांनी म्युझियममधलाच डेव्हिडसनचा पक्षी उचलला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि आपलं लेबल लावून परत म्युझियमलाच दिला होता! हे सगळं प्रकरण १९९९ मध्ये सविस्तर छापून आलं.

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चोरी झाली एका पेंढा भरलेल्या पक्ष्याची, पण तिच्यामुळे नकाशा चुकला आणि तारीखही चुकली. खोटी नोंद बाजूला काढल्यावर रासमुसेनबाईंनी फक्त खऱ्या जागा धरल्या. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना घेऊन आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या, मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात एका उघड्या झाडावर तो बसलेला होता.

इथून पुढची गोष्ट कमी नाट्यमय आहे, पण ती आपल्या घरची आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्यात पाहणी केली. तोरणमाळ, तळोदा, मध्य प्रदेशातलं खकनार, आणि आपला मेळघाट! नंतर पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीने वर्षानुवर्षं मध्य भारतातली जंगलं धुंडाळली. परवानगी आणि वाटा वनखात्याच्या. सगळ्यात जास्त पक्षी मेळघाटात आहेत हे या कामातून पुढे आलं. २०१४ मध्ये तर मुंबईच्या उशाला, तानसा अभयारण्यातही तो दिसला.

आता ही माहिती जाते कुठे? स्वित्झर्लंडमध्ये मुख्यालय असलेली आययूसीएन ही संस्था लाल यादी ठेवते. ती काही स्वतः जंगलात माणसं पाठवत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत मूल्यमापनाचं काम बर्डलाइफ इंटरनॅशनलकडे असतं, आणि ती देशोदेशीच्या संस्था, अभ्यासक, छापील लेख यांच्याकडून आकडे गोळा करते. पूर्वी तज्ज्ञांच्या अंदाजावर बरंच काही चालायचं. १९९४ पासून मोजपट्टी आली. उदाहरणार्थ, पिल्लं घालण्याच्या वयाचे पक्षी २५० पेक्षा कमी, संख्या घटती, आणि कुठल्याही एका तुकडीत ५० पेक्षा जास्त नाहीत, असं असेल तर 'अतिसंकटग्रस्त'. रानपिंगळा बरीच वर्षं याच रकान्यात होता. २०१८ मध्ये एकूण अंदाज २५० ते ९९९ वर गेला आणि तो एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' झाला.

ही बातमी मी एका चुलतभावाला सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे वाढले नं बे!" नाही, तसं नाही. पक्षी वाढले म्हणून नाही, शोधणारे वाढले म्हणून हा फरक पडला. जंगलतोड, अतिक्रमण, घुबडाबद्दलच्या अंधश्रद्धेपायी होणारी शिकार, घरट्याला लागणारी ढोलीची जुनी झाडं कमी होणं, हे सगळं जागेवरच आहे. यादी प्रामाणिक राहायची तर पायरी बदलावीच लागते, हे मला पटतं. पण पायरी खाली आली की निधीची आणि पेपरवाल्यांची नजर दुसरीकडे वळते, ही धास्तीही खोटी नाही.

अकोल्याकडच्यांनी मात्र फार खुश होऊ नये. तुमच्या भागातला तणमोर याच यादीत २०२१ मध्ये उलट्या दिशेने गेला, 'संकटग्रस्त' वरून 'अतिसंकटग्रस्त'. पावसाळ्यात गवतातून वर उड्या मारणारा हा पक्षी. अकोला-वाशीमकडच्या फासेपारध्यांना त्याच्या सवयी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तो फाशात धरलेला. 'संवेदना' या संस्थेने त्यांच्याबरोबरच गवताळ रानं राखायचं काम सुरू केलं. त्या कामाबद्दल लिहायचं तर एक वेगळा लेख लागेल. तो पावसाळ्यात लिहीन म्हणतो.