गाठीची जात

माणसाची जात विचारू नये, असे आम्ही युनियनच्या सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. मेंदूतील गाठीची जात मात्र शस्त्रक्रियेपूर्वी विचारलीच पाहिजे. सिन्नरची विडी वळणारी बाई बोटांवर जगते. कवटी उघडून हात लुळा पडला, तर चूल विझते.

श्रोतेहो, हा प्रश्न मुंबईत फार आधी विचारला गेला. १९६५ साली डॉ. दस्तुर व डॉ. देसाई यांनी ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली : क्षयाच्या गाठीचे १०७ रुग्ण एकीकडे, मेंदूच्या पेशींतूनच उठणाऱ्या ‘ग्लायोमा’ गाठीचे १०७ दुसरीकडे. विलायतेत क्षयाची गाठ दुर्मिळ झाली होती. आमच्याकडे कोंदट खोल्या होत्या, आणि खोकत पाळी भरणारा मजूर होता. दोन्ही रोगांत लक्षणे सारखीच : डोकेदुखी, ओकारी, फीट, एका अंगातले बळ जाणे.

आत डोकावण्याची साधने अघोरी होती. अमेरिकेतील डँडी यांनी १९१८ साली मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढण्याची रीत आणली. पोर्तुगालच्या मोनिझ यांनी १९२७ साली रक्तवाहिन्यांत औषध सोडून तेच साधले. त्यातून गाठीची जागा कळे, जात पुष्कळदा कळत नसे. क्षयावर १९५२ पासून आयसोनियाझिडसारखे स्वस्त औषध मिळू लागले होते. म्हणजे गोळ्यांनी बरा होऊ शकणारा माणूसही शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाई!

हौन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाचा मेंदू कवटीबाहेरून दाखवला. पण जात ओळखण्यात खरी मजल मारली ती एम.आर.आय.ने. लॉटरबर यांनी १९७३ साली तिचा पाया घातला, आणि मॅन्सफील्ड यांनी तिला वेग दिला. हे मॅन्सफील्ड पंधराव्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या एका छापखान्यात लागले होते. नाशिकरोडच्या प्रेस कामगारांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे शिकून ते प्राध्यापक झाले. १९७८ साली सबंध शरीर मावेल असे यंत्र तयार झाले, तेव्हा त्याचा धोका कोणालाच ठाऊक नव्हता. आधी आत शिरले ते स्वतःच. २००३ साली लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्राची करामत पाण्यावर चालते. पाण्यातील हायड्रोजनचे अणुगर्भ जबर चुंबकात एका दिशेस वळतात. रेडिओलहरीने डिवचले की पुन्हा पूर्वपदावर येतात. ही परतीची चाल निरोगी मेंदूत एक, गाठीत दुसरी. ‘टी-टू’ नावाच्या चित्रात ग्लायोमा बहुधा उजळ दिसते, तर क्षयाच्या घट्ट गाठीचा गाभा पुष्कळदा काळसर. त्याच यंत्राने रसायनांचीही झडती घेता येते. क्षयाच्या गाठीत चरबीची खूण उठून दिसते, ग्लायोमात कोलीनची.

आता प्रश्न ग्लायोमाच्या पोटजातींपर्यंत गेला आहे. टी-टू चित्रात सबंध उजळ, पण मोकळ्या पाण्याचा उजेड दाबणाऱ्या ‘फ्लेअर’ चित्रात आतून काळी व कडेला उजळ, अशी गाठ दिसली, तर ती ‘ॲस्ट्रोसायटोमा’ची एक विशिष्ट जात, हे २०१७ साली दाखवण्यात आले. तिची बहीण ‘ऑलिगोडेंड्रोग्लायोमा’ औषधांना व किरणांना अधिक दाद देते. वाचेच्या केंद्राजवळ सुरी किती चालवावी, हे ठरवताना सर्जनला हा भेद आधी कळलेला बरा.

मात्र ही खूण त्या जातीच्या निम्म्याहून अधिक गाठींत दिसतच नाही. ती नसली, तर काहीच सिद्ध होत नाही. मग तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली, आणि आता जनुकांच्या तपासणीलाही, पाठवावा लागतो.